मुळावरच्या गाठीपासून जनुकापर्यंत: कॅल्शियम ओळखणाऱ्या कायनेझचं काम कसं शोधायचं

पेरणीनंतर महिना-दीड महिन्यानं तुरीचं किंवा सोयाबीनचं एक रोप उपटून पाहा. नुसतं ओढू नका, मुळं तुटतात. खुरप्यानं भोवतालची माती सैल करा, ढेकळासकट रोप उचला आणि बादलीभर पाण्यात हलक्या हातानं धुवा. मुळांवर लहान लहान गाठी दिसतील. त्यातली एक नखानं फोडली की आत गुलाबी रंग दिसतो. तो लेगहिमोग्लोबिन या प्रथिनाचा. ही गाठ हवेतला नत्र पकडते आहे, याची ती खूण.

त्या गाठीची सुरुवात मात्र काही आठवडे आधी झालेली असते. जिवाणूनं सोडलेला रेणू मुळाच्या रोमापर्यंत पोचतो आणि थोड्याच मिनिटांत त्या पेशीच्या केंद्रकात व भोवती कॅल्शियमचं प्रमाण लयीत वर-खाली होऊ लागतं. ही लय ओळखणारं एक प्रथिन आहे: कॅल्शियम अँड कॅल्मोड्युलिन डिपेंडंट प्रोटीन कायनेझ. (कॅल्मोड्युलिन म्हणजे कॅल्शियम धरून दुसऱ्या प्रथिनांवर जाऊन बसणारं छोटं प्रथिन.) प्रयोगशाळेत सगळे त्याला ‘सीकॅमके’ म्हणतात, आपणही तेच म्हणू. कायनेझ म्हणजे एटीपी या ऊर्जा देणाऱ्या रेणूवरचा फॉस्फेट काढून दुसऱ्या प्रथिनाला चिकटवणारं विकर. फॉस्फेट बसला की त्या दुसऱ्या प्रथिनाचं वागणं बदलतं.

अशा जनुकाचं काम नेमकं काय, हे ठरवायचं कसं? एम.एस्सी.च्या प्रकल्पाला किंवा संशोधनाच्या पहिल्या वर्षाला असलेल्यांसाठी हा लेख आहे. दोन शब्द सुरुवातीपासून वेगळे ठेवा: ‘लागतं’ आणि ‘पुरतं’. जनुक मोडल्यावर गाठी आल्या नाहीत, तर ते गाठींसाठी लागतं. जिवाणूच नसताना, फक्त ते जनुक सतत चालू ठेवून गाठी आल्या, तर ते गाठींसाठी पुरतं. कितीतरी प्रबंधांत पहिलं दाखवलेलं असतं आणि निष्कर्ष दुसऱ्याचा काढलेला असतो. सीकॅमकेच्या बाबतीत दोन्ही दाखवलं गेलं आहे, म्हणून शिकायला याच्याइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं दिसत नाही.

पहिली पायरी: कॅल्शियमच का, हे आधी डोक्यात बसवा

पेशीच्या आत मोकळं कॅल्शियम साधारण १०० नॅनोमोलर असतं. बाहेर आणि पेशीतल्या साठ्यांत ते मिलिमोलरच्या घरात असतं, म्हणजे सुमारे १०,००० पट. पेशीला फॉस्फेट हवा असतो आणि कॅल्शियम फॉस्फेटला धरून साका बनवतं, म्हणून पेशी सतत ऊर्जा खर्चून त्याला बाहेर ढकलत राहते. या उतारामुळेच एखादी वाहिनी क्षणभर उघडली तरी आतलं प्रमाण झटकन चढतं आणि पंप चालू होताच उतरतं. संदेशासाठी पेशीला आयतीच सोय मिळाली.

पण कॅल्शियम थंडीलाही वाढतं, जखमेलाही वाढतं, रोगकारक बुरशी आली तरी वाढतं. मग पेशीला कसं कळतं की हा मित्र आलाय? उत्तराचा एक भाग लयीत आहे आणि दुसरा भाग ती लय ओळखणाऱ्या प्रथिनाच्या बांधणीत.

दुसरी पायरी: आपल्या पिकात ते जनुक शोधा, आणि फसू नका

आधार म्हणून मेडिकॅगो ट्रंकॅट्युला ही वनस्पती घ्या. मेथी-लसूणघासाच्या जवळची ही छोटी द्विदल वनस्पती. तिच्यातल्या या जनुकाचं जुनं नाव डीएमआय-३. २००४ मध्ये दोन वेगवेगळ्या शोधनिबंधांतून ते जनुक म्हणजेच सीकॅमके हे स्पष्ट झालं. वाटाण्यात त्याचंच नाव सिम-९. म्हणजे एकच जनुक तीन नावांनी भेटेल. वहीच्या पहिल्या पानावर नावांचा तक्ता करून ठेवा, पुढचा बराच गोंधळ वाचतो.

मेडिकॅगोतल्या प्रथिनाचा ५२३ अमिनो आम्लांचा क्रम घ्या आणि ब्लास्ट या क्रम जुळवून पाहणाऱ्या संगणक-साधनानं तुमच्या पिकाच्या जनुकसंचात शोधा. तूर, हरभरा, सोयाबीन, तिन्हींचे जनुकसंच उपलब्ध आहेत. पुष्कळ जुळण्या मिळतील आणि इथेच बहुतेक जण चुकतात. वनस्पतींत सीडीपीके नावाचं कॅल्शियमवर चालणाऱ्या कायनेझांचं मोठं घराणं आहे. एकट्या अरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या छोट्या वनस्पतीत त्याचे ३४ सदस्य आहेत. कायनेझचा भाग सगळ्यांचा सारखाच दिसतो, त्यामुळे नुसत्या टक्केवारीवर विश्वास ठेवू नका. रचना बघा.

सीकॅमकेत तीन भाग एका ओळीत असतात. आधी कायनेझ, मग स्वतःला बंद ठेवणारा पट्टा आणि त्याच पट्ट्यात कॅल्मोड्युलिन बसायची जागा, शेवटी कॅल्शियम धरणारे तीन ईएफ-हात. सीडीपीकेत हे हात साधारणपणे चार असतात. तीन हात मोजा, कॅल्मोड्युलिनची जागा खात्रीनं ओळखा, मगच पुढे जा. हा शेवटचा भाग प्राण्यांच्या चेतापेशींतल्या व्हिसिनिन या प्रथिनासारखा आहे. हे जनुक पहिल्यांदा वेगळं केलं गेलं ते लिलीतून. पाटील, ताकेझावा आणि पूवय्या यांनी १९९५ मध्ये त्याचं वर्णन केलं तेव्हा त्याला ‘संकरित बांधणीचं’ कायनेझ म्हटलं होतं. लिलीच्या मुळांवर गाठी येत नाहीत, हे लक्षात ठेवा. ते चौथ्या पायरीला लागेल.

सोयाबीनवर काम करणार असाल तर एक सावधगिरी. त्याच्या पूर्वजांत सगळा जनुकसंच दोनदा दुप्पट झाला आहे, त्यातलं अलीकडचं दुप्पटीकरण सुमारे १ कोटी ३० लाख वर्षांपूर्वीचं. किती प्रती आहेत हे मोजल्याशिवाय ‘एक मोडली की भागलं’ असं धरू नका.

तिसरी पायरी: जनुक मोडल्यावर काय बिघडतं ते पाहा

इथे प्रयोग दिसायला सोपा, पण स्वच्छता आणि संयम मागणारा. मेडिकॅगोच्या बियांची साल कठीण असते. तीव्र सल्फ्युरिक आम्लात काही मिनिटं ठेवून, भरपूर थंड पाण्यानं धुऊन, मग ब्लीचनं निर्जंतुक करून थंडीत ठेवतात आणि मग रुजवतात. आम्लाचं काम हातमोजे आणि चष्म्याशिवाय करू नका, आणि पाणी ओतण्याआधी आम्ल पूर्ण काढून घ्या. माध्यम नत्राविना हवं. यात तडजोड नाही: माध्यमात नायट्रेट असेल तर धडधाकट रोपही गाठी करत नाही, कारण त्याला गरजच उरत नाही. उत्परिवर्ती, म्हणजे जनुक मोडलेल्या, रोपाला गाठी आल्या नाहीत म्हणून आनंद व्हायचा आणि दोष खताचा निघायचा, असं होऊ शकतं.

शेतातली मातीही चालत नाही. आपल्याकडे १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम रायझोबियम चोळायची शिफारस आहे, आणि वर्षानुवर्षं द्विदल पिकं घेतलेल्या मातीत जिवाणू आधीपासून असतातच. निर्जंतुक परलाइट किंवा वाळू घ्या. चार गट ठेवा: साधं रोप आणि उत्परिवर्ती रोप, दोन्ही जिवाणूसह आणि जिवाणूविना. पीक आणि जिवाणू यांची जोडी जुळली पाहिजे. मेडिकॅगोला सायनोरायझोबियम मेलिलोटी, हरभऱ्याला मेझोरायझोबियम, सोयाबीनला ब्रॅडीरायझोबियम.

तिसऱ्या आठवड्यात मोजा. साध्या रोपावर गुलाबी गाठी, डीएमआय-३ मोडलेल्या रोपावर शून्य. कमी गाठी असं नाही, एकही नाही.

आता याच रोपांचा दुसरा संच मायकोरायझा, म्हणजे मुळांत शिरून सहजीवन करणाऱ्या बुरशीबरोबर वाढवा. रायझोफॅगस इरेग्युलॅरिस ही प्रजाती नेहमी वापरली जाते. पाच-सहा आठवड्यांनी मुळं पोटॅशच्या द्रावणात उकळून पारदर्शक करा, शाई आणि व्हिनेगरमध्ये रंगवा, सूक्ष्मदर्शकाखाली बघा. साध्या रोपाच्या पेशींत झाडासारख्या फांद्या फुटलेली बुरशी दिसते. डीएमआय-३ मोडलेल्या रोपात बुरशी मुळाच्या बाहेरच अडते. ही तुलना कंटाळा करून सोडू नका, सगळ्या प्रकल्पाचा गाभा इथे आहे. एकच जनुक जिवाणूलाही आत घेतं आणि बुरशीलाही.

चौथी पायरी: गाठी न येणाऱ्या झाडांना विचारा

लिलीची आठवण इथे होते. भातात हे जनुक आहे आणि ते मोडलं की भाताच्या मुळांत मायकोरायझा शिरत नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे भाताचं जनुक मेडिकॅगोच्या उत्परिवर्ती मुळांत घातलं तर गाठी परत येतात. म्हणजे प्रथिनाची कॅल्शियम ओळखायची कला गाठींपेक्षा कितीतरी जुनी आहे. बुरशीशी वनस्पतींची ही भागीदारी ४० कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाश्मांत दिसते. द्विदलांनी नवं कुलूप बनवलं नाही, जुनीच किल्ली नव्या दाराला लावली.

उलट अरॅबिडॉप्सिस आणि मोहरीच्या कुळानं मायकोरायझा सोडली आणि त्यांच्या जनुकसंचातून सीकॅमकेही गेलं. म्हणून अरॅबिडॉप्सिसमध्ये ‘सीकॅमके सापडलं’ असं ब्लास्टनं सुचवलं, तर तो सीडीपीके किंवा त्याच्या जवळचा नातेवाईक समजा.

पाचवी पायरी: संदेशाच्या साखळीत जागा ठरवा

आतापर्यंत कळलं की जनुक लागतं. पण साखळीत कुठे? कॅल्शियमच्या लयीच्या आधी की नंतर?

लसूणघासाच्या मूलरोमांत ही लय १९९६ मध्ये दाखवली गेली. जिवाणू सोडतो तो रेणू, म्हणजे नॉड घटक, दिल्यावर साधारण १० मिनिटांनी ठोके सुरू होतात आणि सुमारे एक-दोन मिनिटांनी एक ठोका पडत राहतो. बघायला ‘कॅमेलियन’ नावाचा प्रथिन-संवेदक वापरा. कॅल्शियम बसलं की त्याचा निळसर प्रकाश कमी होतो आणि पिवळा वाढतो, तुम्ही दोन्हींचं गुणोत्तर काढता. नॉड घटक नॅनोमोलर प्रमाणात पुरतो. दर पाच सेकंदांनी एक चित्र, किमान तासभर. रोप पातळ माध्यमात स्थिर बसवल्यावर लगेच मोजू नका, हाताळल्यामुळे उठलेलं कॅल्शियम शांत होऊ द्या.

निकाल सुंदर आहे. डीएमआय-१ किंवा डीएमआय-२ ही साखळीतली दुसरी जनुकं मोडलेल्या रोपांत ठोके पडतच नाहीत. डीएमआय-३ मोडलेल्या रोपांत ठोके व्यवस्थित पडतात, पण पुढे काहीच घडत नाही. घंटा वाजते, ऐकणारं कोणी नाही. एवढ्या एका निरीक्षणावरून सीकॅमकेची जागा ठरते: लयीच्या नंतर आणि जनुकं जागी होण्याच्या आधी. हिरवा चमकणारा जीएफपी जोडून पाहिलं तर प्रथिन केंद्रकातच दिसतं.

आणखी एक आकडा मला फार आवडतो. मेडिकॅगोत ईएनओडी-११ हे गाठीच्या सुरुवातीला चालू होणारं जनुक जागं व्हायला सुमारे ३६ सलग ठोके लागतात, असं मोजलं गेलं आहे. एक-दोन ठोक्यांवर पेशी हलत नाही. मुळाच्या अंगावरून हजार गोष्टी जातात, प्रत्येकीला दार उघडणं परवडणारं नसतं.

सहावी पायरी: प्रथिन शुद्ध करून परीक्षानळीत विचारा

जनुकाची प्रत ई. कोलाय या जिवाणूत घाला, प्रथिनाला शेपूट जोडून स्तंभावर शुद्ध करा. मग तीन नळ्या करा. पहिलीत ईजीटीए, म्हणजे कॅल्शियम धरून ठेवणारा रेणू. दुसरीत कॅल्शियम. तिसरीत कॅल्शियम आणि कॅल्मोड्युलिन. तिन्हींत मॅग्नेशियम आणि किरणोत्सारी फॉस्फेट असलेलं एटीपी. ईजीटीए मॅग्नेशियमला फारसं धरत नाही, म्हणून एटीपीचं काम अडत नाही. चौथी नळी मृत कायनेझची: एटीपी धरणारं लायसिन बदललेलं प्रथिन. फॉस्फेट बसलेलं प्रथिन जेलवर चमकत्या पट्टीसारखं दिसतं. मृत कायनेझच्या नळीत पट्टी चमकली तर तुमच्या तयारीत ई. कोलायचं दुसरं कायनेझ आलंय.

ईजीटीएच्या नळीत पट्टी चमकली तर घाबरण्याआधी पीएच तपासा. पीएच उतरला की ईजीटीएची पकड झपाट्यानं सैल होते. आणि पाण्यावर, काचेच्या भांड्यांवर संशय घ्या. १८८३ मध्ये सिडनी रिंगर यांना लंडनमध्ये कळलं की त्यांच्या प्रयोगातलं बेडकाचं हृदय नळाच्या पाण्यातल्या कॅल्शियममुळे धडधडत होतं. ऊर्ध्वपातित पाणी वापरल्यावर ते थांबलं. कॅल्शियमच्या कामात पाण्यावर विश्वास ठेवायचा नाही, हा धडा तेव्हापासूनचा. मी प्लॅस्टिकच्याच बाटल्या वापरते, आणि बफर करताना काचेची कांडीसुद्धा बुडवत नाही.

लिलीच्या सीकॅमकेवर काय दिसलं? नुसत्या कॅल्शियमनं प्रथिन स्वतःवरच फॉस्फेट बसवतं. कॅल्मोड्युलिन आलं की हे स्वतःवरचं काम कमी होतं आणि दुसऱ्या प्रथिनांवरचं काम वाढतं. दोन पायऱ्यांचं कुलूप. पहिलं कॅल्शियम ईएफ-हातांवर बसतं, तेही शांत पेशीतल्या अगदी कमी प्रमाणातसुद्धा. तेव्हा मेडिकॅगोत २७१ व्या जागेवरच्या थ्रिओनिनला फॉस्फेट लागतो, आणि या फॉस्फेटमुळे कायनेझ घट्ट बंद राहतं. ठोका पडून कॅल्शियम चढलं की कॅल्मोड्युलिन येऊन बसतं आणि बंद पट्टा बाजूला सरतो. कॅल्शियमच ते बंद ठेवतं आणि कॅल्शियमच उघडतं. फरक फक्त प्रमाणाचा.

मेंदूतल्या कॅमके-टू या नात्यातल्या कायनेझबद्दल वाचून आलेल्यांनी इथे थांबायला हवं. तिथे २८६ व्या थ्रिओनिनवर फॉस्फेट बसला की विकर चालू राहतं, कॅल्शियम उतरल्यावरही. त्याचा स्मरणशक्तीशी संबंध आहे. जागा सारखी, काम उलटं. प्राण्यांतला नियम जसाच्या तसा वनस्पतीला लावला, तर सीकॅमके कधीच नीट समजणार नाही.

सातवी पायरी: एक अक्षर बदलून ‘पुरतं’ दाखवा

आता प्रश्नाची दुसरी बाजू. लोटस जॅपोनिकस या द्विदलात हीच जागा २६५ वी आहे. तिथे थ्रिओनिनऐवजी आयसोल्युसिन आलेलं उत्परिवर्ती रोप जिवाणूशिवाय गाठी करतं. २००६ मध्ये हे प्रसिद्ध झालं. त्याच वर्षी मेडिकॅगोत फक्त कायनेझचा भाग, पहिली ३११ अमिनो आम्लं, मुळात घालून तसंच दाखवलं गेलं. नियंत्रणाचा पट्टाच काढून टाकला तर संदेश येण्याची वाटच पाहावी लागत नाही.

तुम्हाला हे करायचं असेल तर केसाळ मुळांची पद्धत घ्या. ॲग्रोबॅक्टेरियम ऱ्हायझोजेनिस या जिवाणूनं रोपाच्या कापलेल्या टोकाला तुमचं जनुक पोचवा. काही आठवड्यांत त्या टोकातून नवी मुळं फुटतात. प्रत्येक मूळ वेगळ्या घटनेतून येतं, म्हणून खूण म्हणून लाल चमकणारं प्रथिन सोबत ठेवा आणि चमकणारी मुळंच मोजा. रिकाम्या प्लाझ्मिडची, म्हणजे तुमचं जनुक नसलेला वाहक डीएनए घातलेली, मुळं तितकीच हवीत. उत्स्फूर्त गाठी मोजताना रोपं पूर्ण निर्जंतुक आहेत हे दाखवा: काही गाठी चिरडून माध्यमावर पसरा, काही उगवतं का पाहा. हे पान वहीत नसेल तर परीक्षक पहिला प्रश्न हाच विचारतील, आणि तो योग्यच असेल.

अशा गाठी फोडल्यावर आत पांढऱ्या, रिकाम्या असतात.

बदल करताना एका गृहीतकाला बळी पडू नका. थ्रिओनिनच्या जागी ॲस्पार्टेट घातलं की ‘फॉस्फेट बसल्यासारखं’ होतं, असं शिकवलं जातं. सीकॅमकेत २७१ व्या जागी ॲस्पार्टेट घातलं तरी विकर चालू होतं, ॲलानिन घातलं तरी चालू होतं. कारण बंद अवस्था हायड्रोजन बंधांच्या जाळ्यावर टिकते आणि दोन्ही बदल ते जाळं मोडतात. कॅल्मोड्युलिनच्या जागेतल्या ३४४ व्या सेरिनला मात्र ॲस्पार्टेट लावलं की काम थांबतं. प्रत्येक जागा तपासून पाहावी लागते.

‘पुरतं’ या शब्दाचीही मर्यादा तपासा. सतत चालू सीकॅमके घातलं की साखळीतले वरचे काही दुवे तुटले असले तरी जिवाणू आत येतो, बुरशीही येते. पण नॉड घटक ओळखणारे ग्राहक मोडले असतील, तर गाठ होते आणि जिवाणू मात्र नीट शिरत नाही. लोटसमध्ये असंही दिसलं की गाठ घडायला कॅल्मोड्युलिन बसणं अपरिहार्य नाही, जिवाणू आत घ्यायला मात्र आहे. म्हणून निष्कर्षात ‘सहजीवनासाठी पुरतं’ असं कधी लिहू नका. ‘गाठीची इंद्रियरचना सुरू व्हायला पुरतं’ एवढंच लिहा.

आठवी पायरी: फॉस्फेट कोणावर बसतो

कायनेझचं काम सांगायचं तर त्याचं लक्ष्य सांगावं लागतं. सीकॅमकेचं लक्ष्य लोटसमध्ये सायक्लॉप्स आणि मेडिकॅगोत आयपीडी-३ या नावानं ओळखलं जातं. २०१४ मध्ये दाखवलं गेलं की सायक्लॉप्सच्या ५० आणि १५४ या जागांवरच्या सेरिनवर फॉस्फेट बसणं महत्त्वाचं आहे, आणि मग ते डीएनएला धरून निन हे जनुक जागं करतं. निन म्हणजे गाठीच्या कार्यक्रमाचा मुकादम. या दोन सेरिनांच्या जागी ॲस्पार्टेट ठेवलेलं सायक्लॉप्सही जिवाणूविना गाठी करतं. इथे ॲस्पार्टेटनं फॉस्फेटची जागा चालवली.

लक्ष्य दाखवताना तिन्ही पुरावे जोडा: दोन प्रथिनं एकत्र येतात, नळीत फॉस्फेट बसतो, आणि फॉस्फेटची जागा बदलली की रोपात परिणाम दिसतो. तिसऱ्याशिवाय पहिले दोन मी स्वतः स्वीकारत नाही. नळीत कायनेझ भलत्यासलत्या प्रथिनांवरही फॉस्फेट बसवतं.

नववी पायरी: आपल्या पिकावर

मेडिकॅगो आणि लोटसमधली गोष्ट आपल्या शेतातल्या पिकांना तंतोतंत लागू होईल असं धरू नका. भुईमूग हे त्याचं सर्वात चांगलं उदाहरण. तिथे जिवाणू मूलरोमातून धाग्यानं शिरत नाही, बाजूची मुळं फुटताना पडलेल्या भेगांमधून पेशींच्या फटीत उतरतो. तरीही कोलकाता विद्यापीठातल्या संशोधकांनी २००९ मध्ये आरएनए हस्तक्षेपानं भुईमुगातलं सीकॅमके दाबलं, तेव्हा गाठींवर आणि जिवाणूच्या आत पसरण्यावर परिणाम झाला. प्रवेशाची वाट वेगळी, पण हे कायनेझ तिथेही लागतंच.

तुरीवर किंवा भुईमुगावर काम करणाऱ्यानं म्हणून क्रम थोडा बदलावा. कॅमेलियनच्या महागड्या चित्रणाआधी केसाळ मुळांत भाताचं किंवा मेडिकॅगोचं जनुक, आरएनए हस्तक्षेप आणि २७१ व्या जागेचा बदल हे तीन प्रयोग आधी लावावेत. तिन्ही एकाच हंगामात होतात. प्रत्येक रोपाची गाठ फोडून रंग लिहून ठेवा: गुलाबी, पांढरा, हिरवा. हिरवी म्हणजे म्हातारी गाठ, तिला मोजणीत वेगळा रकाना द्या.